गुप्त दान आणि ओट्यावरचा डबा

अकरा वर्षांनी एका रविवारी मी चर्चला जायचं ठरवलं, आणि त्यात देवाचा काही दोष नव्हता.

झालं असं की मी पेपर वाचत होतो आणि करुणा, म्हणजे आमची ही, उपासनेला नेसायची साडी इस्त्री करत होती. इस्त्री करता करता गुणगुणत होती. (माझे शर्ट इस्त्री करताना ती कधी गुणगुणल्याचं मला बावीस वर्षांत आठवत नाही.) मधेच ती म्हणाली, "प्रभूचं नुसतं बोलणं कानावर पडलं तरी मन कसं हलकं होतं."

मी पेपरामागूनच विचारलं, "कुठला अध्याय?"

"कसला अध्याय?"

"प्रभूचं बोलणं म्हणालीस ना. मत्तय की योहान?"

"अमोलिक," करुणा म्हणाली. "प्रभु अमोलिक. पुण्याहून परत आलाय की तो. आता आमच्यात गातो."

पेपर खाली आला.

माझं नाव शांतवन साबळे. शांतवन म्हणजे सांत्वन. आजोबांनी पवित्र शास्त्र उघडून, डोळे मिटून, बोट ठेवून काढलेलं हे नाव. बोट दोन ओळी खाली पडलं असतं तर निदान स्वभावाला शोभेल असं काहीतरी मिळालं असतं. मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे, जन्मानं ख्रिस्ती आणि सवयीनं शंकेखोर. आदाम-हव्वेच्या मुलानं, काइनानं, बायको आणली कुठून, नोहाच्या तारवात वाळवी होती का आणि असली तर तारू टिकलं कसं, आणि ज्या देवानं सगळं जग केलं त्याला माझ्या पगाराचा दहावा हिस्सा कशाला पाहिजे, असे माझे तीन मुख्य प्रश्न. जेवताना मी ते करुणाला विचारतो. ती "आमटी वाढू का" असं उत्तर देते.

प्रभु अमोलिक माझ्याच वर्गात होता. शाळेत असताना तो माझ्यापेक्षा उंच होता, आणि तो फरक त्यानं पुढे सगळ्याच बाबतीत टिकवला. पुण्यात टॉवेलांचा धंदा करून, बायको वारल्यावर तो दोन वर्षांपूर्वी सोलापूरला परतला. मुलगी काव्या पुण्यातच शिकते. थोडक्यात, घरी एकटा, गळा गोड, खिसा जड आणि वर दुःखी. अशा माणसाशी स्पर्धा करणं फार अवघड असतं. निदान दुःख तरी माझ्याकडे असायला हवं होतं.

तर मी चर्चला गेलो. जाऊन बसलो तर डोक्यावर गार वारं. वर पाहिलं, नवाकोरा पंखा. दांड्यावर पाटी: 'प्रभु अमोलिक यांजकडून सप्रेम भेट.' उठून पलीकडच्या बाकावर बसलो, तिथंही तोच. असे सहा पंखे होते. शेवटी तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी खांबाआड, जिथं पंखा नव्हता, तिथं जाऊन घामानं निथळत बसलो. पुढे गायकवृंदात प्रभु उभा राहून गात होता आणि दुसऱ्या रांगेत करुणा डोळे मिटून ऐकत होती. मी बोलताना ती कधी डोळे मिटत नाही. (एकदा मिटले होते, पण तेव्हा ती झोपली होती.)

दानाची थैली फिरली. मी दहाची नोट घडी घालून, मूठ बंद ठेवून आत सोडली, म्हणजे कुणाला ती पन्नासचीही वाटावी. प्रभूची नोट मात्र कोरी होती. तिचा आवाज खांबापर्यंत आला.

त्याच आठवड्यात मी माळ्यावरचं बायबल काढलं आणि कचेरीत नेलं. फाइलखाली ठेवून वाचायला लागलो. पुण्यासाठी नाही, पुराव्यासाठी. लवकरच हवं ते सापडलं: तू दानधर्म करतोस तेव्हा तुझा उजवा हात काय करतो हे तुझ्या डाव्या हाताला कळू नये. मी ओळीखाली रेघ मारली. शेजारच्या टेबलावरचे राजशेखर हिरेमठ वाकून बघत म्हणाले, "साबळेसाहेब, देवाचं वाचताय. चेहऱ्यावर तेज आलंय की हो." ते तेज कशाचं होतं हे त्यांना काय सांगणार.

चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी बुधवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यास चालतो. करुणा जाते, प्रभु जातो, म्हणून मीही गेलो. पाच-सात माणसं होती. चहा होताच मी तोफ डागली.

"पाळकसाहेब, देवाला पैसे लागतात का?"

पाळकसाहेब बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "देवाला नाही लागत. वीजबिलाला लागतात."

"मग चर्च चालवायला पैसे द्या म्हणा ना. देवाला द्या असं का म्हणता? आणि दिलेच तर त्यावर नाव कशाला? येशूनं विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांचं, दोन फुटकळ नाण्यांचं, कौतुक केलं. तिनं त्या टोल्यांवर नाव कोरलं होतं का? पंख्यावर पाटी लावून देवाच्या घरात वारं घालणं, याला शास्त्रात ढोंग म्हणतात."

मी करुणाकडे पाहिलं नाही, पण तिनं माझ्याकडे पाहिल्याचं गालाला जाणवलं. सगळे प्रभूकडे बघायला लागले.

प्रभु कप खाली ठेवून म्हणाला, "शांतवन बरोबर बोलतोय. पाटी लावली तेव्हा माझ्या मनात देव कमी होता आणि तुम्ही लोक जास्त होतात. गावी परत आलो होतो. कुणी ओळखावं असं वाटलं."

ढोंगी माणसानं ढोंग असं सरळ कबूल करणं म्हणजे वादाचे सगळे नियम मोडणं आहे. त्यात करुणा हळूच म्हणाली, "किती मोठं मन आहे," आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

कोपऱ्यात चिमाबाई बसल्या होत्या. मूळच्या नातेपुत्याच्या, सत्तरीच्या, मंडईत भाजी विकतात आणि चर्चच्या मंडळीत कुणालाही अरेतुरे करतात. त्या म्हणाल्या, "शांतवन, तुजं बी खरं हाय. पर मला वाचता कुटं येतंय? मला पाटी दिसत न्हाय, वारं लागतंय. लई गार लागतंय बग."

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे ओठ बाजूला केले. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी हंगामाचा सण आहे. लिलावाआधी पाच मिनिटं 'गुप्त दान' या विषयावर शांतवननंच बोलावं. तळमळीनं बोलतो तो."

नाही म्हणणार होतो. पण प्रभूनं टाळी वाजवली, म्हणून हो म्हणालो.

हंगामाचा सण म्हणजे काय ते सांगतो. शेतात पिकलेलं, घरात केलेलं जे काही असेल ते लोक त्या दिवशी चर्चमध्ये आणून वाहतात: ज्वारी, भोपळे, अंडी, केक, कोंबड्या. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. करुणाची शेंगाची चटणी दरवर्षी जाते. यंदा तिनं दोन किलो कुटली होती.

सणाच्या सकाळी ती आंघोळीला जाता जाता म्हणाली, "प्रभु गाडी घेऊन येतोय. त्याच्यातनं चटणीही नेऊ आणि आपणही जाऊ."

"काही गरज नाही," मी म्हणालो. "चटणी मी स्कूटरवरनं नेतो. मला लवकर जायचंय. वक्त्याला लवकर जावं लागतं. कुठाय डबा?"

"ओट्यावर. स्टीलचा."

ओट्यावर स्टीलचे दोन डबे होते. हे मला फार नंतर कळलं. मला एकच दिसला, तो मी उचलला, झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि निघालो. जड होता. बायकोचा हात सढळ आहे असं वाटून मला जरा अभिमानही वाटला.

चर्चमध्ये डबा पुढच्या टेबलावर भोपळ्यांच्या शेजारी ठेवला, त्यावर 'सौ. करुणा साबळे, शेंगाची चटणी' अशी चिठ्ठी लावली (नाव घालायची पद्धतच आहे, त्याला मी काय करणार) आणि मोबाइल बंद करून वक्त्यासारखा बसलो. गीतं झाली, वाचन झालं, करुणाचा पत्ता नाही. प्रभूचाही नाही. पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं.

मी उभा राहून सुरुवात केली, "प्रिय बंधुभगिनींनो, दान हे झाकलेलं असावं." तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ते दोघं बरोबर आत आले. करुणाचा चेहरा लाल झालेला, केस अर्धवट ओले. शेजारी बसत तिनं प्रभूच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. प्रभूनं मान डोलवली. मग छातीवर हात ठेवून पुन्हा डोलवली, म्हणजे मी आहे, काळजी करू नकोस, अशी.

माझ्या हातात चार पानांचं भाषण होतं. त्यातलं एक अक्षर मला दिसेना. तरी मी बोललो. लोक सांगतात फार चांगलं बोललो. मला एवढंच आठवतं की "काही माणसं दान देतात आणि त्याबदल्यात काय काय न्यायचं ठरवतात ते देव बघतो," असं मी दोनदा म्हणालो आणि पेल्यातलं पाणी सांडलं. चिमाबाई मोठ्यानं आमेन म्हणाल्या.

लिलाव सुरू झाला. निवृत्त ड्रिलमास्तर दानिएल सर दरवर्षी तो करतात. भोपळे गेले, चिमाबाईंची मेथी गेली, आणि डबा वर आला. "करुणाताईंच्या हातची चटणी. बोला."

"पाचशे," प्रभु म्हणाला.

दोन किलो चटणीला पहिल्याच बोलीत पाचशे. माझ्या बायकोच्या हातच्या चटणीला, माझ्यादेखत. मी म्हणालो, "सहाशे."

दानिएल सर म्हणाले, "शांतवन, तुझ्याच घरची आहे रे."

"म्हणूनच," मी म्हणालो.

"हजार," प्रभु म्हणाला.

"पंधराशे."

"दोन हजार." तो शांतपणे बोलत होता, जणू कुणाला वचन दिलंय. दुसऱ्या रांगेतून करुणा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी तिकडे पाहताच तिनं उजव्या हाताचा पंजा माझ्याकडे करून दाखवला. पाच बोटं.

"पाच हजार," मी म्हणालो.

(ती थांबा म्हणत होती.)

चर्चमध्ये कुजबुज झाली. प्रभूनं गोंधळून करुणाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साडेपाच." मी म्हणालो सात. तो म्हणाला साडेसात. मी म्हणालो नऊ. तेव्हा करुणानं सगळ्यांदेखत प्रभूचा दंड धरून त्याला खाली बसवलं. दानिएल सरांनी तीनदा नऊ हजार म्हटलं आणि डबा माझा झाला.

टाळ्या वाजल्या. करुणानं सुटकेचा श्वास सोडला आणि डबा घ्यायला ती उठलीही. इथं गप्प बसलो असतो तरी चालण्यासारखं होतं. पण जिंकलेल्या माणसाला थांबायचं कुठं हे कोण सांगणार? माझ्या डोक्यात आलं की आता असं काहीतरी करावं की प्रभूचे सहाही पंखे फिके पडावेत.

मी डबा दोन्ही हातांनी वर धरला आणि म्हणालो, "हा डबा मी आपल्या मंडळीतल्या एका गरीब विधवा भगिनीला, चिमाबाईंना, अर्पण करतो."

करुणा जिथं होती तिथंच बाकावर बसली.

चिमाबाई म्हणाल्या, "गरीब कुणाला म्हनतूस रं?" पण पुढे आल्या, डबा घेतला आणि तिथंच चिकटपट्टी ओढायला लागल्या. "बगू तरी, नऊ हजाराची चटणी कशी लागतीय ती." झाकण निघालं. त्यांनी बोट आत घातलं आणि चाटलं. "हे पीठ हाय. ज्वारीचं." मग अख्खा हात आत घातला, चाचपला आणि बाहेर काढला. पिठानं पांढऱ्या झालेल्या मुठीत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या.

त्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत असं मी बारा वर्षं समजत होतो. लॉकरचं भाडं वाचवायचं म्हणून करुणानं त्या पिठात ठेवल्या होत्या आणि सणाला घालायला म्हणून त्या सकाळी तो डबा ओट्यावर काढला होता. त्या तिच्या आईच्या होत्या. आई गेल्यावर तेवढ्याच राहिलेल्या. प्रभूच्या कानात तिनं सांगितलं ते हे: कितीही बोली जाऊ दे, तो डबा सोडू नकोस, पैसे मी देते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी इतरांसारखाच तोंड उघडं टाकून बघत होतो. पाळकसाहेब पुढे आले. ते म्हणाले, "मंडळी, आत्ताच या भावानं गुप्त दानावर साक्ष दिली. आणि आता बघा. विधवेच्या हाती पिठाचा डबा, आणि पिठात सोनं. नऊ हजारांत ते झाकून टाकलं त्यानं. माझ्या आयुष्यात असं दान मी पाहिलं नाही."

सगळी मंडळी उभी राहिली. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. आणि प्रभु, प्रभु अमोलिक, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता.

खरं सांगतो, तो एक मिनिट मला फार आवडला. मी मान खाली घालून नम्रपणे उभा राहिलो. पाटल्या गेल्या तर गेल्या, करुणाला दुसऱ्या करू, असाही एक विचार मनात येऊन गेला. कुठल्या पैशानं, हा विचार नाही आला. तेवढ्यात माझी नजर तिच्याकडे गेली. सगळे उभे होते आणि ती एकटीच बसली होती. आपल्या रिकाम्या मनगटावरनं दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत होती. माझ्याकडे बघतही नव्हती.

मी माइक हातात घेतला.

"बसा," मी म्हणालो. "बसा सगळे. हे दान नाही. मी चुकीचा डबा आणला. पाटल्या हिच्या आईच्या आहेत, त्या पिठात असतात हे मला माहीतही नव्हतं. नऊ हजारही देवासाठी बोललो नाही. प्रभूनं बोली लावली म्हणून बोललो. तो चांगला गातो. माझी बायको त्याच्या गाडीतनं येते. मी जळतो त्याच्यावर. शाळेपासून जळतो. पंख्यावर त्याचं नाव आहे याचा मला राग नव्हता. माझं नाही याचा होता."

पंख्यांचा तेवढा आवाज येत होता.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "पंधरा वर्षं मी इथं साक्षी ऐकतोय," ते म्हणाले. "कुणाला नोकरी लागते, कुणाचा ताप उतरतो. मी जळतो, असं सांगायला उठलेला हा पहिलाच माणूस." मग ते हसायला लागले, आणि मंडळी त्यांच्या मागोमाग. पाळकसाहेबांच्या कुठल्याही प्रवचनाला इतका प्रतिसाद मिळाला नसेल.

चिमाबाईंनी पाटल्या पदरानं पुसल्या आणि माझ्या नव्हे, करुणाच्या हातात नेऊन दिल्या. "हे तुजं तू घे, बाई. पीठ मातूर मी नेणार. त्येनं बोलून दिलंय." त्यांनी डबाही नेला. तो अजून त्यांच्याकडेच आहे.

दारात दानिएल सर पावतीपुस्तक घेऊन उभे होते. पश्चात्ताप वेगळा आणि नऊ हजार वेगळे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. प्रभु जवळ येऊन म्हणाला, "शांतवन, चूक माझीही आहे. बोली मीच वाढवली. निम्मे मी भरतो."

"नको," मी म्हणालो. त्या नको-ची किंमत साडेचार हजार रुपये होती. आत्ताच सगळ्यांसमोर सगळं कबूल केलं होतं, पण कबूल केलं म्हणून ते जातं असं नाही, हे मला तिथं पावतीवर सही करताना कळलं.

दुपारी घरी कडक भाकरी आणि ती, खरी, ओट्यावर राहिलेली चटणी खात बसलो. करुणाच्या हातात पाटल्या होत्या. तिनं मला दोनदा वाढलं, त्यावरून फार रागावलेली नसावी असं वाटलं. मला धीर आला.

"करुणा, एक विचारू?"

"विचारा."

"आपलं लग्न ठरलं तेव्हा प्रभु सोलापुरातच होता ना?"

"होता की."

"तेव्हाही असाच गायचा?"

"याहून छान."

मी भाकरीचा तुकडा मोडला. "मग तू मला हो कसं म्हणालीस?"

करुणानं विचार केला. तिनं सरळ उत्तर द्यावं, विचार करू नये, असं मला फार वाटत होतं.

"तुमची मागणी सोमवारी आली," ती म्हणाली. "बाबांनी लगेच शब्द देऊन टाकला."

"बरं झालं," मी म्हणालो.

"त्याची मंगळवारी आली."

तेव्हापासून मी एकही उपासना चुकवलेली नाही. सगळ्यांच्या आधी जातो, करुणाला खेटून बसतो आणि शेवटचं गीत संपेपर्यंत डोळे मिटत नाही. पाळकसाहेब नव्या लोकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, श्रद्धा असावी तर अशी.